त्याने मनगट धरलं आणि सोडलं

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. घरात मी, हे, सासूबाई, आमची ६ वर्षांची लेक आणि ३ वर्षांचा जर्मन शेफर्ड वाघ्या, वजन ३८ किलो. तो आजवर कुणाला चावलेला नाही. पण अनोळखी माणूस फाटकातून आत आला की लेकीच्या पुढ्यात आडवा उभा राहतो, खर्जात भुंकतो आणि जागचा हलत नाही. रंगपंचमीला माझे चुलत दीर गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघून थेट आमच्याकडे आले. तोंड ओळखू येऊ नये इतका रंग. त्यांनी लेकीला उचलून वर उडवलं, ती ‘नको, नको’ करत किंचाळली आणि वाघ्याने त्यांचं मनगट तोंडात धरलं. तिला खाली ठेवल्याबरोबर सोडलं. रक्त नाही, लाल वळ उठले, ते दुसऱ्या दिवशी गेले. सासूबाई म्हणतात, आज धरलं, उद्या फोडेल. गच्चीवर साखळीने बांधा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. तो गुरगुरला की त्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारतात. यांना उलट कौतुक. मित्र आले की माझ्यावर हात उगारल्याचं नाटक करून वाघ्या कसा गुरगुरतो ते दाखवतात. तीन आठवड्यांनी चैत्रातलं हळदीकुंकू आहे, चाळीसेक बायका येतील. वाघ्या धोकादायक आहे का? मी काय करू?

उत्तर :

आधी दिरांच्या मनगटाचं बोलू. रक्त आलं नाही एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. रेबीजच्या बाबतीत डॉक्टर संपर्काचे तीन वर्ग करतात. कुत्र्याला हात लावला, त्याने धड कातडी चाटली, तर पहिला. त्यात काही करावं लागत नाही. कातडी फाटून दात आत गेला, तर तिसरा. उघड्या कातडीला दात लागले किंवा रक्त न येता खरचटलं, तर दुसरा, आणि दुसऱ्या वर्गातही लस द्यायची असते. त्या दिवशीच मनगट वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायला हवं होतं. धुतलं असो वा नसो, दिरांनी आजच्या आज डॉक्टरांकडे जावं आणि वाघ्याच्या लसीचं कार्ड बरोबर न्यावं. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, घरातल्यांनी ठरवू नये. रंगपंचमीपासून १० दिवस पूर्ण होईपर्यंत वाघ्या नीट खातोपितो ना, वागण्यात फरक नाही ना, याकडे लक्ष ठेवा. घरचा लस दिलेला कुत्रा आहे म्हणून काही होणार नाही, असं समजून बसू नका. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आता वाघ्या.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एक वाक्य, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात. ‘तिला खाली ठेवल्याबरोबर सोडलं.’ जर्मन शेफर्डच्या जबड्यात मनगट असताना रक्ताचा थेंब येत नाही, तेव्हा कुत्र्याचा नेम चुकलेला नसतो. किती जोर लावायचा हे त्याला नेमकं कळत होतं. इयान डनबार या पशुवैद्याने कुत्र्याच्या चाव्याच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत दात अंगाला लागतच नाहीत. दुसरीत लागतात, पण कातडीला भोक पडत नाही. तुमची घटना या दुसऱ्या पायरीवरची. तिसरीपासून पुढे खरी जखम. दुसऱ्या पायरीवरचा कुत्रा बहुतेक वेळा सुधारता येतो, कारण त्याला अजून आवरायचं असतं आणि आवरता येतं.

पण दुसरी पायरी म्हणजे काहीच नाही, असंही नाही. तुमचे यजमान आणि सासूबाई दोघेही अर्धं बरोबर आहेत, म्हणूनच घरात भांडण मिटत नाही.

मोठा कुत्रा न चावता राखण कशी करतो, हे आपल्या माणसांना नवीन नाही. धनगराचा मेंढ्यांचा वाडा बसलेला पाहिला असेल, तर आठवून बघा. कुत्री वाड्याभोवती कडेकडेने पडलेली असतात. वाटसरू लांबून दिसला की एक उठतो, दोन पावलं पुढे येतो आणि भुंकतो. माणूस थांबला की कुत्राही थांबतो. माणूस वाट बदलून गेला की कुत्रा परत येऊन पडतो. चावाचावी व्हायला माणसाला त्या कुत्र्यापलीकडे जावं लागतं. इंदूरवर राज्य केलेले होळकर मुळात याच धनगरांच्या घरातले, तेव्हा राखणीची ही रीत या शहराला परकी नाही.

ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. भरती ओसरली की कोल्हे पाण्यातून चालत तिकडे जायचे आणि छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडायचे. शेकडो पेंग्विनांची वस्ती, उरले बोटांवर मोजण्याइतके. २००६ मध्ये तिथे मरेमा जातीचे मोठे पांढरे इटालियन मेंढ्याराखे कुत्रे ठेवले. त्यांनी कोल्ह्यांशी लढाया केल्या नाहीत. ते बेटावर फिरले, जागोजागी आपला वास सोडला, रात्री भुंकले. कोल्ह्यांनी बेट सोडलं आणि पेंग्विन पुन्हा शंभराच्या वर गेले. राखणीतलं मोठं काम असं असतं. कुत्रा नुसता तिथे असतो, दिसतो, ऐकू येतो. दात फार शेवटी येतात.

इंग्लंडमधल्या बुलमास्टिफची गोष्ट तर तुमच्या प्रश्नालाच लागू आहे. जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार करणाऱ्यांना पकडायला ही जात १९ व्या शतकात तयार झाली. रखवालदाराला चोर जिवंत आणि धड हवा असे. म्हणून माणसाला खाली पाडून अंगाच्या वजनाने दाबून धरणारा, पण न फाडणारा कुत्रा निवडत गेले. तिथल्या केनेल क्लबने १९२४ मध्ये त्या जातीला मान्यता दिली.

आणि वाघ्याची स्वतःची जात? १८९९ मध्ये जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यांनी जर्मन शेफर्डची संघटना काढली, तेव्हा हा मेंढ्या वळवणारा कुत्रा होता. तिकडे चराऊ पट्ट्याला लागून पिकं असत आणि मधे कुंपण नसे. हा कुत्रा पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालायचा, तोच कुंपण. एखादी मेंढी ऐकेचना, तर तिला मानेला किंवा मांडीला तोंडात धरून लगेच सोडायचं, तेही इजा न करता. मेंढी फाडणारा कुत्रा कुठला मेंढपाळ ठेवेल? आजही या कुत्र्यांच्या स्पर्धेत एक भाग असा असतो की लपलेला माणूस शोधायचा आणि तो हलत नसेल तर समोर उभं राहून नुसतं भुंकत राहायचं. तिथे चावलं तर गुण कापतात. लेकीपुढे आडवं उभं राहणं, जागा न सोडता खर्जात भुंकणं, मनगट धरून सोडणं, यातलं काहीही वाघ्याला कुणी शिकवलेलं नाही. ते रक्तातून आलं आहे आणि तीन वर्षांच्या आसपास, कुत्रा पुरता वयात आला की, ठळक दिसू लागतं. आता आता असं का वागतो, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. त्याचं उत्तर हे.

आता रंगपंचमीचा प्रसंग त्याच्या बाजूने बघा. फाटकातून एक माणूस येतो. चेहरा निळा-हिरवा, केस गुलाबी, अंगाला रंगाचा उग्र वास. ओळखीचा वास त्याखाली दडपलेला. गेरमध्ये ओरडून आवाज बसलेला असेल, तर तोही ओळखू येत नाही. तो माणूस लेकीला उचलतो आणि ती किंचाळते. तिथे जमलेल्या मोठ्या माणसांपैकी कुणाला वाटलं नाही की ती ‘नको’ म्हणते आहे, तर तिला खाली ठेवावं. ते एकट्या वाघ्याला वाटलं.

हे लिहिताना मला त्याचं कौतुक वाटतं, आणि लगेच काळजीही वाटते. तो बरोबर वागला हे खरं. पण तसं वागायचं की नाही, हे त्याने एकट्याने ठरवलं. उद्या लेकीच्या मैत्रिणी खेळायला येतील, लटकी मारामारी करतील, एक दुसरीच्या अंगावर बसेल आणि तुमची मुलगी हसता हसता किंचाळेल. कुत्र्याला खेळातली किंचाळी आणि भीतीची किंचाळी दर वेळी वेगळी काढता येत नाही. त्या पोरीचं मनगट दिरांच्या मनगटाच्या निम्मं असेल, आणि ती घाबरून हात हिसकेल. हिसकलेल्या हाताला तोच दात फाडून जातो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घरात कोण आलं, कोण चांगलं, कोण वाईट, हे ठरवायची पाळी वाघ्यावर येऊच देऊ नका. ते तुम्ही ठरवायचं, आणि तुम्ही ठरवता आहात हे त्याला दिसायला हवं.

त्याआधी गुरगुरण्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आम्ही रामबागेत राहायचो. मी अकरा वर्षांची होते. आमच्याकडे अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्डच, आणि देशी यांच्या मिश्रणाचा एक मोठा कुत्रा होता, राजा. दूधवाला, पेपरवाला आला की गुरगुरायचा. आजोबा शिस्तीचे. गुरगुरला की वेताची छडी, दर वेळी, न चुकता. वर्षभरात राजा गुरगुरायचा थांबला. येणारेजाणारे म्हणायचे, काय सुधारला हो तुमचा कुत्रा. एका दुपारी वडिलांचे एक स्नेही जायला निघाले आणि ओटल्यावर वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. राजा बाजूलाच बसला होता. आवाज नाही, दात विचकणं नाही. एकदम दंडाला चावला. सात टाके पडले. दोन दिवसांत राजाला एका ओळखीच्यांच्या शेतावर सोडून आले, आणि तो कसा आहे हे विचारायची मला पुढे कधी हिंमत झाली नाही. त्याला दूधवाला आवडायला लागला नव्हता. आम्ही छडीने फक्त त्याचा आवाज काढून घेतला होता.

गुरगुरणं हे कुत्र्याचं बोलणं आहे. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी ते शिडीसारखं मांडलं आहे. अगदी खालच्या पायरीवर कुत्रा जांभई देतो, नाक चाटतो, डोळे मिचकावतो. मग तोंड फिरवतो, अंग फिरवतो, निघून जाऊ बघतो. पुढे कान मागे, शेपूट पोटाशी. मग अंग ताठ, नजर रोखलेली. मग गुरगुर. मग हवेत दात वाजवणं. मग चावा. खालच्या पायऱ्यांवरचं बोलणं कुणी ऐकलं नाही की तो एक पायरी वर चढतो. आणि एखादी पायरी मारून मारून पुसून टाकली, तर तिच्या खालून तो सरळ वर उडी मारतो. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी कुत्रे पाळणाऱ्यांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी कुत्र्याला फटका किंवा लाथ मारून बघितली, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट अंगावर येऊन उत्तर दिलं होतं.

सासूबाईंना हे माझ्या वतीने वाचून दाखवा, पण जपून. त्या दुष्ट नाहीत, त्या घाबरल्या आहेत, आणि घरात लहान नात असताना त्यांची भीती खोटी नाही. त्यांना एवढंच सांगा की वर्तमानपत्राची गुंडाळी बाजूला ठेवल्याने वाघ्या शेफारणार नाही. तो गुरगुरला की आवाज न चढवता त्याला हाक मारायची, त्या माणसापासून लांब न्यायचं आणि मग शोधायचं की त्याला काय खुपलं. त्याची भाकरी रोज त्यांच्याच हातून जाऊ दे. ‘बस’ म्हणायचं, बसला की ताटली खाली ठेवायची. महिन्याभरात दोघांचंही एकमेकांकडे बघणं बदलेल.

यजमानांना मात्र मी स्पष्टच सांगते. हात उगारण्याचा तो खेळ आजपासून बंद. एकदाही नाही, कितीही जवळचा मित्र आला तरी नाही. तुम्ही त्यात रोज वाघ्याला शिकवता आहात की बायकोजवळ उगारलेला हात म्हणजे हल्ला, आणि त्यावर गुरगुरलं की सगळे खूश होतात. कुत्र्याला नाटक कळत नाही. त्याच्या अंगात दर वेळी खरी भीती, खरा ताण चढतो. आणि दुसऱ्या बाजूला, त्याच गुरगुरण्यावर सासूबाईंचा मार. एकाच गोष्टीला एकाकडून शाबासकी आणि दुसऱ्याकडून फटका, अशा घरात कुत्रा गोंधळणार नाही तर काय होणार?

आणि आता विचार करा, हळदीकुंकवात काय होतं. अनोळखी बाई तुमच्या समोर येते आणि हात उचलून थेट तुमच्या कपाळाकडे नेते. एक गेली की दुसरी. कुणी लेकीवर वाकून तिचा गाल ओढते. कुणी गुलाबदाणी शिंपडते, कुणी मनगटाला अत्तर लावते. आपल्याला ही माया वाटते. ज्या कुत्र्याला उगारलेल्या हातावर गुरगुरायला शिकवलं आहे, त्याच्यासाठी हे चाळीस वेळा येणारं संकट आहे. म्हणून त्या दिवशी वाघ्या बैठकीत नको, ओटल्यावर नको, जिन्याच्या कठड्यामागेही नको. त्याने चांगलं वागून दाखवावं असा हट्ट करू नका. सकाळी, ऊन व्हायच्या आत, त्याला भरपूर लांब फिरवून आणा. दुपारनंतर आतल्या खोलीत पंखा, पाणी, त्याची चटई, चघळायला काहीतरी, आणि दाराला आतून-बाहेरून कडी. यजमानांना हळदीकुंकवात तसंही काही काम नसतं. त्यांनी त्याच्याजवळ बसावं. कुणी प्रेमाने प्रसाद आत पाठवला तर त्यात बेदाणे किंवा द्राक्षं नाहीत ना हे बघा, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

रोजच्या दिवसांसाठी त्याला एक काम शिकवा. दाराची घंटा वाजली की जाऊन आपल्या चटईवर बसायचं. चटई दारापासून आठ-दहा पावलं आत, पण दार दिसेल अशी ठेवा. पहिले काही दिवस घंटा नाही, पाहुणा नाही. नुसतं ‘जागेवर’ म्हणायचं, तो गेला की पनीरचा छोटा तुकडा चटईवर टाकायचा. ते पक्कं झालं की घरातल्याच कुणी बाहेर जाऊन घंटा वाजवायची. मग शेजारच्या ओळखीच्या वहिनी. मग अनोळखी माणूस, पण तो फाटकाबाहेरच थांबलेला. दर पायरीला तो सैल बसला आहे ना, तोंड थोडं उघडं, कान मऊ, हे बघून मगच पुढची पायरी. अंग ताठ झालं, तोंड मिटलं, नजर हलेना, तर तुम्ही घाई केली. एक पायरी मागे या. पाच पाच मिनिटं, दिवसातून दोनतीनदा. तीन आठवड्यांत सुरुवात होईल, पूर्ण होणार नाही. दोनतीन महिने धरून चला. सकाळच्या कचरा गाडीचं गाणं त्याच्यासाठी रोजचा आयता सराव आहे. गाडी लांबून ऐकू आली की ‘जागेवर’, आणि गाडी जाईपर्यंत एकेक तुकडा.

याच्या बरोबरीने फाटक. तुमचं फाटक ढकललं की उघडतं असं पत्रावरून दिसतं, कारण माणसं न विचारता आत येतात. त्याला आतून कडी लावा, बाहेर घंटा बसवा, ‘कुत्रा आहे, घंटा वाजवा’ अशी पाटी लावा. पार्सलवाला मुलगा, मीटर बघणारा माणूस, यांना रोज धडकी भरवायचा आपल्याला हक्क नाही. पोटासाठी ते घरोघर फिरतात.

जाळीचं मुसकंही ओळखीचं करून ठेवा. शिक्षा म्हणून नको. दवाखान्यात, गर्दीत, पाहुण्यांच्या घोळक्यात ते लागेल. आत पनीर ठेवून त्यालाच तोंड घालू द्यायचं, आठवडाभर पट्टा बांधायचाच नाही. तोंड उघडून धापा टाकता येईल आणि पाणी पिता येईल असंच मुसकं घ्या. कापडाचं घट्ट मुसकं घालून इंदूरच्या उन्हाळ्यात कुत्रा जिवाला मुकेल.

गच्चीवरची साखळी नको. वैशाखाच्या उन्हाबद्दल सांगायला नकोच, पण साखळीला बांधलेला कुत्रा शांतही होत नाही. त्याला पळून जाता येत नाही हे कळतं, म्हणून समोर येणाऱ्याला तो आणखी लांबून धमकावतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम ११ आहे. त्यात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, दोन्ही गुन्हे धरले आहेत. उलट बाजूने, पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आमचा कुत्रा राखण करत होता’ हे म्हणून सुटता येईल, असं यजमानांना वाटत असेल तर तेही त्यांना वाचू द्या.

वाघ्याला देऊन टाकायचं का? आज तरी नाही. पण काही गोष्टी दिसल्या तर मला पत्र लिहीत बसू नका, सरळ पशुवैद्यांकडे जा. तो तुम्हाला यजमानांपासून किंवा लेकीपासून राखू लागला, म्हणजे ते तुमच्या शेजारी बसायला आले की गुरगुरला, तर ती राखण नव्हे. तो तुमच्यावर मालकी सांगतो आहे आणि ते फार लवकर वाढतं. न गुरगुरता ताठ होऊन टक लावायला लागला, तर तेही. आणि उठताना अडखळत असेल, जिना टाळत असेल, कमरेला हात लावला की वळून बघत असेल, तर खुब्याचं तपासून घ्या. या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं पुष्कळ असतं, आणि दुखणारा कुत्रा तापट होतो. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. शिकवायला माणूस बोलावलात तर तो गळ्याला फास देणारा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा वापरत नाही ना, हे पहिल्या फोनवरच विचारा. वापरत असेल तर घरात घेऊ नका.

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यावर विसंबून कितीतरी जण हात पुढे करतात. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. तो भुंकून फक्त तुम्हाला मागे सरकायला वेळ देतो. शेपटीचंही तसंच. सैल, कमरेसकट हलणारी शेपूट म्हणजे आनंद. उंच, ताठ, भरभर थरथरणारी शेपूट म्हणजे तो पेटलेला आहे. हा फरक लेकीला आत्ताच दाखवून ठेवा. सहा वर्षांच्या पोरी हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. तो जेवताना, झोपलेला असताना त्याच्याजवळ जायचं नाही. गळ्यात हात घालून घट्ट आवळायचं नाही. मैत्रिणी आल्या की वाघ्या दाराच्या दुसऱ्या बाजूला. एवढं तिला पाठ होईपर्यंत दोघांना एकटं सोडू नका, तो तिच्यावर कितीही जीव टाकत असला तरी.

आणि दीर. डॉक्टरांकडून आले की एखाद्या संध्याकाळी त्यांना बोलवा, स्वच्छ अंघोळ करून, नेहमीच्या कपड्यांत. वाघ्या पट्ट्यावर, तुमच्या हातात. दिरांनी ओटल्याच्या कडेला तिरकं बसावं, त्याच्या डोळ्यांत बघू नये, डोक्यावर हात नेऊ नये, हाक मारू नये. चहा प्यावा, तुमच्याशी बोलावं. मधे मधे पनीरचा तुकडा जमिनीवर, स्वतःपासून थोडा लांब टाकावा. वाघ्या आपणहून वास घ्यायला आला तर येऊ द्यावं, नाही आला तर पुढच्या खेपेला. लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं तर आधी तिला विचारावं. ती ‘हो’ म्हणाली तर शेजारी बसवून घ्यावं. ‘नको’ म्हणाली, तर चहा संपवून घरी जावं आणि पुढच्या रविवारी पुन्हा यावं.